मलमाच्या डबीतला डोळा

मिस्त्रींनी आयुष्यात एक वीट रचली नव्हती. अंधांसाठी बोलती पुस्तकं तयार करणाऱ्या एका वाचनालयात ते चौतीस वर्षं रेकॉर्डिंगचं काम करत होते आणि खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर लावत होते, म्हणून पहिल्याच वर्षी कोणीतरी हे नाव चिकटवलं. ते असं बसलं की घरी येणाऱ्या पत्रांवरही तेच येऊ लागलं. निवृत्तीनंतरही वाचनालयाने त्यांना सोडलं नाही. आग्रहाने ठेवून घेतलं असं समजू नका. वाचनालयाला दुसरं कोणी मिळेना आणि मिस्त्रींना घरी बसवेना, तेव्हा दोन्हीकडच्या नाइलाजाने ते चालू राहिलं.

त्यांची बायको तिथेच पुस्तकं वाचायची. ऐकणारे तिला 'बाई' म्हणत, आपणही बाईच म्हणू. बावीस वर्षांत बाईंनी दोनशेवर पुस्तकं वाचली: कादंबऱ्या, चरित्रं, होमिओपॅथीचा एक जाडजूड ग्रंथ, आणि एकदा तर कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी भाडेकरूंचा अख्खा कायदा. त्यांच्या वाचण्याची एक खूण होती. वाक्य जोरात आलं की त्यानंतर त्या थांबायच्या. नुसत्या श्वासापुरतं नाही, चांगलं तीन-चार आकडे मोजावेत इतकं. ऐकणाऱ्यांची पत्रं यायची की बाई थांबतात तेव्हा आम्हाला विचार करायला जागा मिळते. एका गृहिणीने कळवलं होतं की त्या थांबण्यात मी फोडणी देऊन येते. बाई अशी पत्रं खणात ठेवायच्या, पण त्यांवर बोलायच्या नाहीत.

रेकॉर्डिंगची खोली जिन्याखाली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, टेबलावर कांबळं अंथरलेलं, म्हणजे पान उलटताना आवाज येऊ नये. मधे जाड काच. काचेच्या एका बाजूला बाई, पुस्तक आणि माइक. दुसऱ्या बाजूला मिस्त्री आणि ती पेटी.

पेटी म्हणजे कॉम्प्रेसर. हा शब्द उच्चारला की लोकांना फ्रीज आठवतो. शेजारच्या वहिनींनी मिस्त्रींना दोनदा फ्रीज गार होत नाही म्हणून बोलावलं, आणि दुसऱ्या खेपेला समजावून सांगण्याचा कंटाळा येऊन त्यांनी तो दुरुस्तही करून दिला. या पेटीचं काम निराळं. वाचणारा कुठे ओरडतो, कुठे पुटपुटतो. ऐकणाऱ्याने दर वाक्याला उठून आवाज कमीजास्त करावा का? नाही. ते पेटी करायची. आत एक छोटा दिवा आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक डोळा. आवाज चढला की दिवा उजळायचा, डोळ्याला उजेड दिसला की तो आवाज खाली ओढायचा, आवाज निवला की दिवा विझायचा आणि डोळा आपली पकड सोडायचा. बाहेर एक काटा होता. पकड बसली की तो डावीकडे पडायचा, सुटली की सावकाश उजवीकडे यायचा. काचेतून बाईंना तो दिसायचा.

ही पेटी साठ वर्षांची होती आणि एका मंगळवारी सकाळी ती गेली. चव्वेचाळीस प्रकरणांची एक मोठी कादंबरी चालली होती, दीपगृह सांभाळणाऱ्या घराण्याची. एकतीस प्रकरणं झाली होती. बत्तिसाव्याच्या पहिल्या पानावर बाई नाक आक्रसून थांबल्या, आणि मिस्त्रींनाही तो वास आला. ट्रान्सफॉर्मर जळला होता. त्याची तार गुंडाळून देणारा शहरातला शेवटचा माणूस चार वर्षांपूर्वी गेला होता, आणि मिस्त्रींनी स्वतः गुंडाळावी तर डोळ्यांत मोतीबिंदू आणि बोटांना कंप.

वाचनालयाच्या व्यवस्थापक मॅडम वासाने धावत आल्या. चांगली मुलगी, पस्तिशीची, बोलायला गोड, पण नियमाला पक्की.

"मिस्त्रीकाका, पेटी गेली ते गेली. पुस्तकाचं काय करायचं?"

"संगणकावर करू. आता तसले प्रोग्रॅम मिळतात म्हणतात."

"करा. पण आपला नियम माहितेय तुम्हाला. एक पुस्तक, एक आवाज, आणि आवाजाचा पोत एक. मागे ते जोडलेलं पुस्तक काढलं तेव्हा लोकांना वाटलं, मधेच कथेत दुसरीच बाई बोलायला लागली." त्यांनी काचेपलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "महिनाअखेर ही खोली ब्रेल छपाईच्या मशीनला द्यायचीय. तोवर तेरा प्रकरणं जुळली तर ठीक. नाही जुळली तर पुस्तक पहिल्यापासून नव्या वाचकाकडून करून घ्यावं लागेल. नाटकातली एक मुलगी तयार आहे."

हे पुस्तक शेवटचं, असं बाईंनी आधीच जाहीर केलं होतं. त्रेसष्ट वर्षांचं वय, आणि घशाच्या डॉक्टरांनी दिवसाला दोन तासांवर वाचायचं नाही असं बजावलेलं. एकतीस प्रकरणं पुन्हा वाचणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. म्हणजे तेरा जुळली नाहीत तर शेवटचं पुस्तक अर्ध्यावर फुकट आणि वर दुसऱ्याच्या नावावर.  बाईंनी पानात खुणेची दोरी घातली आणि थर्मासमधलं कोमट पाणी प्यायल्या.

मॅडम गेल्यावर मिस्त्रींनी पेटीचं झाकण उघडलं. पहिल्यांदा त्यांनी जळका ट्रान्सफॉर्मर पाहिला नाही. कोपऱ्यातून मलमाची एक चपटी डबी उचकटली, रुमालात गुंडाळली आणि पँटच्या खिशात टाकली.

आता त्या डबीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण मिस्त्रींनी ते एकोणीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी पेटीतला डोळा मंदावला. वाचनालयाने परदेशातून नवा मागवला, तो यायला पाच महिने लागले. जपून बसवायचा, त्याच्या तारेच्या पायांना सोल्डर, म्हणजे वितळलेलं कथील, देताना चिमट्याने धरायचं, म्हणजे उष्णता आत जात नाही, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मिस्त्रींना तर फारच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी चिमटा घेतला नाही. आपल्याला काय गरज, आपला हात बसलाय. एका दमात सोल्डर दिलं आणि पाच महिने वाट पाहून आलेला डोळा आतल्या आत भाजून मेला. पोहणाराच बुडतो म्हणतात, तशातली गत.  त्याच दुपारी मिस्त्रींनी भंगाराच्या खोक्यातून रस्त्यावरच्या दिव्याचं एक जुनं स्विच काढलं, अंधार पडला की दिवे आपोआप लावणारं. त्यातही उजेड ओळखणारा डोळा असतो. त्यांनी तो काढला, समोर विजेरीचा बल्ब लावला, आणि दोन्ही बाईंच्या मलमाच्या रिकाम्या डबीत आतून काळा रंग देऊन बंद केले. पेटी बोलू लागली. नवा भाग बसवला, असं त्यांनी वहीत लिहून टाकलं. पुढे सवडीने दुसरा मागवू, तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. सवड काही मिळाली नाही.

फक्त एक होतं. तो डोळा संध्याकाळ ओळखायला बनवलेला, आणि संध्याकाळीला घाई नसते. आवाज एकदा खाली दाबला की तो चार-चार सेकंद पकड सोडायचा नाही. बाई जोरात एक वाक्य म्हणायच्या आणि पुढचं विहिरीतून आल्यासारखं बारीक यायचं. तेव्हा मिस्त्रींनी काचेतून सांगितलं होतं, "नवा भाग आहे. काटा परत आल्याशिवाय पुढचं वाक्य घेऊ नकोस. जरा थांबत जा." बाईंनी ऐकलं. पुस्तकात जिथे जिथे थांबायचं तिथे त्या पेन्सिलीने एक उभी रेघ ओढू लागल्या. पुढे पुढे काट्याकडे बघायचीही गरज उरली नाही.

पेटी गेल्यावर मिस्त्री घरच्या संगणकासमोर बसले. इंटरनेटवर फुकट कॉम्प्रेसरचा नुसता बाजार भरला होता. जुन्या पेट्या ज्यांनी आयुष्यात उघडल्या नाहीत अशा पोरांनी त्यांच्या हुबेहूब नकला करून वाटल्या होत्या. पडद्यावर काळी बटणं, काटा, कोपऱ्यांत स्क्रू. एकाने तर गंज रंगवला होता. एकाने धूळ चितारली होती.

"चौतीस वर्षं मी रोज धूळ पुसली," मिस्त्री म्हणाले, "आणि हे शहाणे ती हौसेने चितारून ठेवतात."

"फुकट आहे ना? मग नावं ठेवू नका," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्यांनी अकरा प्रोग्रॅम करून पाहिले. त्यातला एकच त्यांना मनापासून आवडला, अर्थात हे त्यांनी कबूल केलं नाही. कुठल्या तरी दूरच्या गावातली विज्ञानाची शिक्षिका शाळा सुटल्यावर असले प्रोग्रॅम लिहायची. चित्र साधं, गंजबिंज नाही. आतली सगळी कृती उघडी, कोणीही वाचावी, कोणीही चूक दाखवावी, आणि प्रत्येक बदलाखाली तो का केला आणि कोणाच्या सांगण्यावरून केला हे लिहिलेलं. तिने याच जातीच्या तीन चालू पेट्यांची मोजमापं घेऊन तो बनवला होता. मिस्त्रींनी बत्तिसावं प्रकरण त्यातून काढलं आणि तपासणीला पाठवलं.

तपासणी करायचे ऑपरेटर. हे गृहस्थ जन्मांध, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं लोकांच्या तारा जोडल्या, आता पुस्तकांतले सांधे शोधायचे. त्यांच्या कानाखालून सुई सुटायची नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मिस्त्री, पहिल्या एकतीस प्रकरणांत बाई विचार करतात," ते म्हणाले. "बत्तिसाव्यात बाईंना धाप लागलीय."

खरंच होतं. पेटीची पकड सावकाश सुटायची, म्हणून थांबताना बाई जो श्वास घ्यायच्या तो त्या पकडीखाली झाकला जायचा. शिक्षिकेचा प्रोग्रॅम झटकन पकड सोडत होता. बाई सवयीने थांबत होत्या, आणि त्या रिकाम्या जागेत त्यांचा म्हातारा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. बाईंनीही ते हेडफोन लावून ऐकलं. "ही मी आहे होय," इतकंच म्हणाल्या आणि हेडफोन काढून ठेवला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, घसा दुखतोय म्हणाल्या.

नाचता येईना अंगण वाकडं. मिस्त्रींनी शिक्षिकेला खरमरीत पत्र लिहिलं: तुमची नक्कल चुकीची आहे, खऱ्या पेटीशी मी चौतीस वर्षं काढली आहेत, सोबत खऱ्या पेटीचा नमुना जोडला आहे, ऐका आणि सुधारा.

दोन दिवसांत उत्तर आलं. पोरीने रागाचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. नमुना तिने मोजला होता, आलेख काढून पाठवला होता. खाली लिहिलं होतं: 'तुमच्या पेटीची पकड सुटायला साडेचार सेकंद लागतात. धड असलेल्या कुठल्याच पेटीला इतका वेळ लागत नाही. तिच्यात कधी काही बदललं होतं का? काय बदललं ते कळलं तर मी तसं करून देऊ शकेन. नाही कळलं तर अंदाजाने करावं लागेल, आणि अंदाज कानाला कळतो.'

मिस्त्री चार दिवस मूग गिळून बसले. शिक्षिकेला डबीचं सांगायला त्यांची हरकत नव्हती. ती कोण, कुठली. ती काय त्यांच्या घरी येऊन बोलणार होती? पण तिच्या त्या प्रोग्रॅमखाली सगळं जाहीर लिहिलेलं असायचं आणि वाचनालयातल्या कोणी ना कोणी ते वाचलं असतं. गुपचूप सांगून भागणार नव्हतं. बाईंना आधी सांगावं लागणार होतं, आणि बाईंना डबीचं सांगायचं म्हणजे रेडिओचंही सांगणं आलं.

अकरा वर्षांपूर्वी रेडिओला दुपारच्या कथा वाचायला माणूस हवं होतं. बाई बावन्न वर्षांच्या होत्या, आवाज भरात होता. महिनाभर त्यांनी घरात तयारी केली, नवी साडी घेतली, आणि मिस्त्री सोबत गेले. चाचणी आत चालली होती, बाहेर बाकावर बसलेल्यांना भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू येत होतं. रेडिओची यंत्रं चपळ. बाई जोरात वाक्य घेत होत्या आणि मग थांबत होत्या, आणि इथे झाकायला कोणी नव्हतं. ओळ विसरलेल्या माणसासारख्या वाटत होत्या. मिस्त्रींना दुसऱ्याच वाक्याला सगळं उमगलं. उठून आत जावं, दार वाजवावं, सांगावं की अगं थांबू नकोस. ते उठले नाहीत. आवाज चांगला आहे पण अडखळता, असं सांगून रेडिओवाल्यांनी बाईंना परत पाठवलं. घरी येताना मिस्त्री म्हणाले, "त्यांना काय कळतंय." बाईंनी पुन्हा कुठे चाचणी दिली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बाई जेवणाच्या टेबलाशी बसून तेहेतिसाव्या प्रकरणात पेन्सिलीच्या रेघा ओढत होत्या. पुस्तक त्यांच्याकडेच राहील की नाही याचा पत्ता नव्हता, तरी रेघा चालू होत्या.

"काही बोलायचंय का?" वर न बघता त्यांनी विचारलं. "मघापासून स्क्रूड्रायव्हर आपटताय."

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला, सोडला आणि डबी पुस्तकावर ठेवली.

"ही माझी डबी," बाई म्हणाल्या. "हे मलम बंद होऊन युगं झाली. कुठे मिळाली?"

"पेटीत होती. पेटीचा डोळा हाच."

मग त्यांनी सांगितलं. नीट क्रमाने सांगता आलं नाही. आधी रस्त्यावरचा दिवा, मग चिमटा, मग पुन्हा मागे जाऊन पाच महिने. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे थांबत जा म्हणालात ते या डबीसाठी?"

"हो."

"लोक पत्रं लिहायचे, ते थांबणं?"

"हो."

बाईंनी नखाने डबीचं झाकण उघडलं. आत काळा रंग, एक बल्ब आणि लाल नागमोडी रेघ असलेली नखाएवढी टिकली, तोच तो डोळा. 

"आणि रेडिओला?"

मिस्त्रींना वाटलं होतं हे आपल्याला वेगळं सांगावं लागेल. "बाहेर स्पीकर होता," ते म्हणाले. "दुसऱ्या वाक्याला कळलं मला."

"आणि घरी येताना म्हणालात, त्यांना काय कळतंय."

"म्हणालो."

"मला वाटलं माझं वय झालं. आरशासमोर उभी राहून वाचायचे मी, तुम्ही ऑफिसला गेलात की. कुठे अडखळते ते सापडेना." त्यांनी झाकण लावलं. आवाज चढला नव्हता. तो चढू द्यायचा नाही, ही तर एवढ्या वर्षांची शिस्त. "अडखळत नव्हतेच मी. तुमच्यासाठी थांबले होते."

त्या उठून आतल्या खोलीत जाऊन पडल्या. दोन दिवस घरात पाणी, किल्ली, वर्तमानपत्र एवढेच शब्द बोलले गेले. मिस्त्रींना वाटत होतं भांडावं तिने, ताट आपटावं. पण बाई थकल्या होत्या, आणि भांडायलाही ताकद लागते. मिस्त्रींना तेच सोसत नव्हतं. त्यांनी फ्रीज पुसला, सगळ्या खोल्यांतले बल्ब पुसले, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे सरकवत बाईंनी विचारलं, "त्या शिक्षिकेला कळवलंत?"

"नाही अजून."

"कळवा. पुस्तक माझं आहे, मला ते पुरं करायचंय. उगीच पहिल्यापासून कोणी वाचायला नको." कप त्यांनी सोडला नव्हता. "आणि सगळं लिहा. डबी, दिवा, चिमटा घेतला नाहीत तेही. वेळ मारून नेऊ नका."

"ती ते खाली जाहीर लिहिते. कोणीही वाचेल."

"वाचू दे की. बावीस वर्षं मी लोकांची पुस्तकं वाचून दाखवली. तुमचंही वाचू देत लोक."

मिस्त्रींनी पत्र लिहिलं, डबी कापसात गुंडाळून कुरियरने पाठवली. आठवड्याने शिक्षिकेचं उत्तर आलं. तिने कुठेही उपदेश केला नव्हता. 'चिमटा न घेता मीही दोन डोळे जाळले आहेत,' तिने लिहिलं होतं. 'तुमचा दिवा मोजला. असा सुस्त डोळा मी आजवर पाहिला नव्हता, चार दिवस मजेत गेले.' सोबत नवा प्रोग्रॅम होता. त्यात नेहमीच्या बटणांशेजारी एक बटण वाढलं होतं, त्याचं नाव 'मलमाची डबी'. खाली नोंद होती. कुठल्याशा वाचनालयाच्या पेटीतला मूळ भाग सोल्डर देताना निष्काळजीपणाने जळाला, दुरुस्त करणाऱ्याने रस्त्यावरच्या दिव्याचा भाग वापरला आणि ते लपवलं. वाचणाऱ्या बाईंना त्यामुळे एकोणीस वर्षं थांबून वाचावं लागलं. मिस्त्रींनीच लिहून दिलेले शब्द होते. पडद्यावर वाचताना ते दुसऱ्या कोणाचे वाटले, आणि तो दुसरा कोणी त्यांना अजिबात आवडला नाही.

महिना संपायला अकरा दिवस होते. मिस्त्रींनी लॅपटॉप पेटीच्या जागी ठेवला, पडदा काचेकडे वळवला. काटा डावीकडे पडला आणि तसाच, त्याच आळसाने परत आला. बत्तिसावं प्रकरण पुन्हा केलं, ऑपरेटरांना पाठवलं. संध्याकाळी फोन आला: सांधा सापडत नाही. मॅडमनी मिठाईचा पुडा आणला. बाईंनी एक तुकडा खाल्ला आणि घशाला तूप बरं वाटलं म्हणाल्या.

मग रोज दोन तास. दीपगृहवाल्यांची तिसरी पिढी एकेक करून किनारा सोडून जात होती आणि बाई वाचत होत्या, रेघेला थांबत होत्या, काटा आला की पुढे जात होत्या. आता त्यांना ठाऊक होतं आपण कशासाठी थांबतोय, तरी थांबत होत्या. मिस्त्रींना काचेतून त्यांच्याकडे बघवायचं नाही. ते काट्याकडे बघत. दोघंही बसने घरी यायची, शेजारी बसायची. राग गेला होता असं नाही. तो कुठे ठेवायचा हे बाईंना ठरवता येत नव्हतं.

चव्वेचाळिसावं प्रकरण शेवटच्या आदल्या दिवशी आलं. शेवटच्या पानावर म्हातारी दीपगृहाच्या पायऱ्या चढून जाते आणि वरून गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हाका मारते. हाकांनंतर चार ओळी शांत आहेत आणि पुस्तक संपतं. बाईंनी पान उलटलं. मिस्त्रींच्या हातातल्या प्रतीत त्या पानावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्यांनी बाईंच्या प्रतीवरून उतरवून घेतलेल्या. पहिल्या हाकेनंतर रेघ, दुसरीनंतर रेघ.

बाईंनी पहिली हाक मारली आणि थांबल्या नाहीत.

काटा डावीकडे पडलेलाच होता. दुसरी हाक, तिसरी, त्या एका लयीत चढत गेल्या, आवाज मोकळा सोडून, आणि मागोमाग त्या चार शांत ओळी काट्याची वाट न बघता वाचून टाकल्या. डबीने त्या दाबून धरल्या होत्या. ओळी बारीक, लांबून आल्यासारख्या येत होत्या. नियमाप्रमाणे हे पान पुन्हा घ्यायला हवं होतं. मिस्त्रींचा हात बटणाकडे गेला. काचेपलीकडे बाईंनी मान वर केली.

"पुन्हा घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक पान माझं असू दे."

पुस्तक मिटताना त्यांच्या प्रतीचं पान मिस्त्रींना दिसलं. रेघा खोडरबराने पुसलेल्या होत्या, कागद तिथे थोडा खरबरीत झाला होता. मिस्त्रींनी ते पान तसंच पाठवलं. वाटेल ते होवो म्हणाले, आणि रात्रभर कुशी बदलत राहिले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते खोलीतल्या गाद्या उतरवत होते. ब्रेलचं मशीन दाराशी येऊन थांबलं होतं. तेवढ्यात ऑपरेटरांचा फोन आला.

"पुस्तक ऐकलं. सगळं जुळलंय. एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "शेवटचं पान कोणी वाचलंय?"

"बाईंनीच."

"खात्री आहे? मला कोणी तरुण बाई वाटल्या. फार छान वाचलंय."

"बाईच आहेत. मी समोर होतो."

 ऑपरेटरांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मग बाकीचं पुस्तक कोणी वाचलंय, मिस्त्री?"

मिस्त्रींनी हातातली गादी खाली ठेवली.

"तेही त्यांनीच," ते म्हणाले. "मधे मी होतो."